ताटाची डावी बाजू

भावजी, तुमच्या तेराव्याच्या वरणात मीठ कमी पडलं.

हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून आधी तेच लिहिते. कळंब तालुक्यात चाळीस वर्षं तुम्ही लोकांच्या लग्नाचा, बारशाचा, तेराव्याचा स्वयंपाक केलात, आणि तुमच्याच तेराव्याला शेजारच्या गावचा आचारी आणावा लागला. काय रुबाबात आला होता बाप्या! डोक्याला नवीकोरी दस्ती, हातात भलामोठा झारा, आणि मला विचारतो कसा, "वैनी, किती पानं?" आणि वरण अळणी! पहिली पंगत बसली, पहिला घास गेला आणि माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. कोपऱ्यातनं कुणीतरी म्हणालं, "तात्याला कळलं तर उठून येईल." अख्खा मांडव हसला. मीही तोंडावर पदर धरून हसले, आणि हसता हसता रडायला लागले.

मला तुमची ती सवय आठवली. लग्नात दोन्हीकडच्या पाहुण्यांची जुंपली की तुम्ही पळीभर भाजी घेऊन सगळ्यात तापलेल्या माणसापुढं उभे राहायचात. "पाव्हणं, आधी मीठ बघा." भांडता भांडता माणूस चाखायचा, चाखताना तोंड बंद व्हायचं, तेवढ्यात निम्मं भांडण थंड. घरीही तेच. माझं आणि तुमच्या भावाचं वाजलं की माझ्या तळहातावर काहीतरी टेकवायचात, "मंगल, आधी मीठ बघ." लग्न होऊन आले तेव्हापासून मी या घरात मीठच बघत आले.

पण त्याच पंगतीत आणखी एक झालं, आणि ते सांगायचं म्हणून मी वही घेऊन बसले आहे. अक्का, तुमची थोरली बहीण, बायकांत बसून तुमचं कौतुक करत होत्या. "तात्यानं शरूला लई जीव लावला," म्हणाल्या. मग जरा थांबून, "पोरीला हिंगातनं गहू चारला, तेवढं सोडलं तर." बायकांनी "व्हय बाई, व्हय बाई" केलं. आणि मी, जिला खरं काय ते ठाऊक आहे, मी वाढायची बादली उचलली आणि पुढच्या ओळीत गेले. तुम्ही जाऊन तेरा दिवस झाले होते आणि तुमच्या नावावरचा तो डाग मी तिथंसुद्धा पुसला नाही.

शरू माझी लेक. तुमचीच म्हणायला हवी, पण नऊ महिने मी वागवली म्हणून माझी. जाऊबाई गेल्यापासून तुम्ही आमच्यातच होता, म्हणजे शरूच्या जन्मापासून ती तुमच्या मांडीवर. पाच वर्षांची झाली तरी ती अंग धरेना, पोट सारखं दुखायचं. लातूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हिला गहू चालत नाही, पुढंही कधी चालणार नाही. पोळी, बिस्किट, शेवया, रवा, कुरडई, सगळं बंद. कणभरसुद्धा नको. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही भडकलात. "गहू बाधतो? मग देवानं केला कशाला?" तीन दिवस त्या डॉक्टरचा उद्धार केलात. चौथ्या दिवशी शांत झालात आणि म्हणालात, "ज्वारीच्या मुलखात जन्मलीया पोरगी. भाकरी खाईल. त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं ते पुढं कळलं. शरूला भाकरी आवडायची नाही. भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा चालायचा. रस्सा नको. मऊ नको. हिरवं दिसलं की नको. आणि ताटातली एक वस्तू दुसरीला टेकली की संपलं, ताट सरकवून उठायची. मी अंगणवाडी सेविका. गावातल्या पोरांना गाणी म्हणून, गोष्टी सांगून चार घास भरवते, आणि घरची पोर माझ्या हाताकडं बघून ओठ मिटते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मी ओरडायचे, नाक दाबून घास कोंबायचे. ती रडायची, मी रडायचे, आणि घास जमिनीवर.

एकदा तुम्ही दारात उभं राहून ते सगळं बघितलंत. म्हणालात, "मंगल, पंगतीत कुणाच्या तोंडात कोंबतात व्हय गं?"

"ती पाच वर्षांची आहे, भावजी. पाहुणी नाहीये ती."

"मग पाव्हणी कर की."

दुसऱ्या दिवशी तुम्ही बैठकीत एक पाट मांडला. एकच. पुढं ताट, ताटाभोवती दोन बोटांची रांगोळी. शरूला बसवलंत आणि स्वतः दस्ती कमरेला बांधून, वाट्यांचा ट्रे घेऊन त्या एका माणसाच्या पंगतीत फिरायला लागलात. "चटणी घ्या चटणी! कोशिंबीर घ्या कोशिंबीर! ओ बाईसाहेब, लिंबू राहिलं का?" पाटापासून दारापर्यंत जायचात, वळून परत यायचात, जणू शंभर माणसं मधे बसलीत. शरू डोळे फाडून बघत होती. मग तुम्ही तिला पंगतीचा कायदा सांगितलात. "नको असंल तर ताटावर हात आडवा धरायचा. वाढपी पुढं जातो, कारण इचारत न्हाय. पण एकदा वाढलं की टाकायचं न्हाय." त्या दिवशी तिनं बारा वेळा हात आडवा धरला, आणि बारा वेळा तुम्ही मान झुकवून पुढं गेलात. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तेराव्या खेपेला तिनं हात काढला. शेंगदाण्याची चटणी, चमचाभर. खाल्ली आणि म्हणाली, "बरं हाय."

बरं हाय! तुम्ही स्वयंपाकघरात येऊन फुगडीच घालायची बाकी ठेवली होती. आमदाराच्या पोरीच्या लग्नात शाबासकी मिळाली तेव्हासुद्धा तुमचा चेहरा असा झाला नव्हता.

तेव्हापासून तुम्ही ताटाच्या डाव्या बाजूच्या मागं लागलात. मला म्हणालात, "जन्मभर म्या उजवीकडची भाजी-आमटी रांधली. डावीकडचं, चटणी-कोशिंबीर-लोणचं, ते काय, कुणीबी वाढतंय. ह्या पोरीनं मला डावी बाजू शिकीवली." डावीकडं सगळं थोडं थोडं असतं, कोरडं असतं आणि एकमेकाला टेकत नाही, म्हणून ती बाजू शरूची. तिथं तुम्ही काय काय मांडलंत! कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, ज्वारीच्या लाह्या तुपात परतून, मुगाच्या डाळीची कुरकुरीत भजी, भाजलेल्या भोपळ्याच्या फोडी गूळ लावून, दाण्याचं कूट घातलेली काकडी, पाणी अगदी पिळून काढलेली. घरघंटी आणलीत आणि तिच्यावर खडूनं लिहिलंत, "गहू दिसला तर हात मोडीन." आणि भाकरी? भाकरीचं नावही काढलं नाहीत. चटणी तिखट लागली की पोर आपणच भाकरीचा तुकडा तोडायची. महिन्याभरात पापुद्र्याखालची भाकरीही जायला लागली.

मी तुमच्याशी तरीही भांडायचे. एका पोरीसाठी सात वाट्या, लाडानं वाया जाईल, उद्या सासरी कोण पंगत मांडणार आहे? तुम्ही म्हणायचात, "सासरी ती मांडंल की दुसऱ्याला." हा वाद तसाच राहिला, भावजी. सात वाट्या जास्तच होत्या, हे मी अजून म्हणते. त्या घासायला मीच होते ना!

आता हिंगाचं.

पोर जेवायला लागली आणि तरी बरी होईना. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पोट धरून बसायची. तुमचा इलाज एकच. बेंबीला हिंग, ताकात हिंग, कोशिंबिरीच्या फोडणीत हिंग. दुखणं वाढलं की हिंग वाढायचा. माझा संशय, तुम्ही चोरून बिस्किट देता. तुमचा संशय, अंगणवाडीत ती कुणाच्या डब्यातलं खाते. आठवडाभर आपण दोघं बोलतही नव्हतो. मी शरूला सांगायचे, "तात्यांना सांग, दूध उतू चाललंय," आणि तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभं राहून तिला सांगायचात, "आईला म्हणावं, दिसतंय."

तुमचा स्वतःचा हिंग वेगळा होता. चिकट, काळपट खडा, पाण्यात विरघळवून बाटलीत भरलेला. त्याच्या वासानं माझं डोकं उठायचं, म्हणून कळंबच्या बाजारातनं भुकटीची डबी मी आणली होती. "हे बघा, नुसतं भुरभुरायचं, झालं काम." तुम्ही वास घेऊन नाक मुरडलं होतं, "ह्यात हिंग कुठाय?" पण माझं मन राखायला वापरायला लागलात. एका दुपारी भाजी फोडणीला टाकताना डबी माझ्या हातात फिरली आणि मागची बारीक अक्षरं दिसली. हिंग नावाला, बाकी गव्हाचं पीठ. भाजी करपली तरी मला हलता येईना.

करपल्याच्या वासानं सगळे आत आले. तुम्ही, तुमचा भाऊ, आणि तेव्हा चार दिवस राहायला आलेल्या अक्का. मी एवढंच म्हणू शकले, "हिंगात गहू आहे." तुम्ही माझ्या हातातली डबी घेतलीत. डोळ्यांवर चष्मा नव्हता, काही वाचता येत नव्हतं, तरी उलटीसुलटी करून बघितलीत. मग माझ्याकडं बघितलंत. आणि म्हणालात, "म्याच घातला. माझ्या हातानं घातला."

अक्का तुटून पडल्या. "आचारी म्हणवतोस आन् घरच्या लेकराला इख घालतोस? चाळीस वर्सं काय गवत उपटलं व्हय?" तुम्ही खाली मान घालून ऐकलंत. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं. डबी मी आणली. ते बाहेर आलं नाही. सासरचं माणूस, नणंद समोर, आणि आईच जर अशी निघाली तर लोक काय म्हणतील, या भीतीनं मी गप्प बसले. तुम्ही डबी खिशात घातलीत आणि बाहेर गेलात.

गावात गोष्ट पसरायला किती वेळ! "तात्या, आमच्या मांडवात हिंग नको बरं का," म्हणून पारावर हसायचे. तुम्हीही हसायचात. पण स्वयंपाकाची सुपारी घेताना तुम्ही दरवेळी एक वाक्य बोलायचात, आठवतं? "माझ्या हातच्या अन्नानं आजवर कुणाचं पोट दुखलं न्हाय." त्या दिवसानंतर ते वाक्य तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मी वाट बघायचे, भावजी. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी दारामागं उभी राहून वाट बघायचे.

तीन वेळा मी बोलायचा प्रयत्न केला. "भावजी, ते हिंगाचं..." तीनही वेळा तुम्ही काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलंत. "आधी मीठ बघ." म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी तुम्ही बोलू दिलं नाहीत आणि मला ते सोयीचं पडलं. त्याची लाज वाटते. तुम्ही जाताना तरी हट्टानं बोलायला हवं होतं, पण तुम्ही कुठं वेळ दिलात? सकाळी कोथिंबीर निवडत बसला होता, दुपारी नव्हता.

हिंग गेला आणि पोर मात्र भराभरा वाढली. गालावर मांस आलं, फ्रॉक आखूड व्हायला लागले. तुम्ही तिला दुकानात न्यायचात आणि प्रत्येक पुडीच्या मागचं वाचायला लावायचात. "तात्याचा डोळा तू." गावची पोरं बाराखडी पाटीवर शिकली, आपली शरू मसाल्याच्या पाकिटांवर. सहा वर्षांची पोर दुकानदाराला ठणकावून विचारायची, "काका, ह्यात गहू हाय का? खरं सांगा, मला वाचता येतंय."

आणि त्या कुरडया! कुरडई हे तिचं खरं प्रेम, आणि नेमकी ती गव्हाची. तुम्ही तांदळाचा चीक करायचा ठरवलंत. पहिला घाणा सोऱ्यातनं बाहेरच येईना. दुसरा आला तो सरळ ओघळला. गच्चीवर उन्हात तुम्ही, मी आणि शरू, कोपरापर्यंत चिकट, आणि तुम्ही त्या चिकाला शिव्या देताय. तिसऱ्या दिवशी जमलं. तळल्यावर फुलून ताटभर झाली, तेव्हा तुम्ही शरूपुढं ती दोन्ही हातांवर नेलीत. तिनं कानापाशी धरून मोडली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "लई बरं हाय." लई! तो एकच दिवस.

एक मात्र तुमचं राहिलं. येळवसची भज्जी. आपल्याकडं मार्गशीर्षातल्या अवसेला सगळं गाव रानात जेवतं, आणि भज्जीशिवाय ती अवस नाही. तूर, वाल, वाटाणे, मेथी, हरभऱ्याचा पाला, गाजर, शेंगदाणे, चिंच, सगळं बेसनात एकत्र शिजवलेलं. गव्हाचा कण नाही, म्हणजे शरूला चालणारी. पण रस्सा आहे, मऊ आहे, हिरवी आहे, आणि तिच्यात जगातलं सगळं सगळ्याला टेकलेलं आहे. दरवर्षी तुम्ही पळी घेऊन यायचात, दरवर्षी तिचा हात आडवा. तुम्ही मान झुकवून पुढं. "ज्या दिवशी ही भज्जीवरचा हात काढंल," तुम्ही म्हणायचात, "त्या दिवशी म्या झारा खुंटीला टांगला."

काल येळवस झाली, भावजी.

अक्का म्हणाल्या, दुःखाच्या घरी यंदा सण नको. तुमचा भाऊ म्हणाला, "तात्या गेला म्हणून रान उपाशी ठेवायचं व्हय?" बोलावणं कुणालाच केलं नाही. पहाटे उठून मी भज्जी केली, तुमच्या पातेल्यात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पाच दगडांच्या पांडवांची पूजा केली, रानात आंबील शिंपडली. आणि बघते तर बांधावरनं माणसं आपापले डबे घेऊन यायला लागली. दुःखाच्या घराला एकटं जेवू द्यायचं नाही म्हणून. तुमच्या मांडवात जेवलेली सगळी. शरूनं तुमची दस्ती कमरेला बांधली आणि ओळीतनं फिरायला लागली, "भरीत घ्या भरीत! आंबील घ्या आंबील!" कुणीतरी तिच्या ताटात गव्हाची खीर वाढायला गेलं. तिनं पळत येऊन हात आडवा धरला आणि हसली.

"शहाणी हाय," अक्का म्हणाल्या. "तात्यासारखी चूक करायची न्हाय ही."

मी पळी खाली ठेवली. म्हणाले, "अक्का, ती डबी मी आणली होती."

"कंची डबी?"

"हिंगाची. कळंबच्या बाजारातनं. भावजींना ती आवडलीसुद्धा नव्हती. माझं मन राखायला वापरली आणि माझ्यासाठी बोलणी खाल्ली. चूक माझी होती. मी चार वर्षं गप्प बसले."

सगळी पंगत जेवायची थांबली. तुमचा भाऊ माझ्याकडं बघत राहिला. अक्कांचं तोंड उघडंच. मला वाटलं, आता रानातनं हाकलून देतात. अक्कांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "आन् म्या मेल्या भावाला बोल लावत बसले. परवासुद्धा." पुढं वाकल्या, पातेल्यातली भज्जी पळीत घेतली, माझा हात ओढला आणि तळहातावर ठेवली, गरम गरम.

"रडतीस काय? आधी मीठ बघ."

तुमचाच आवाज, भावजी. तोच खालचा सूर. एकाच आईची लेकरं तुम्ही, मला आजवर कळलंच नव्हतं. मी रडत होते आणि चाखत होते, आणि पारावर हसणारे तेच म्हातारे डोळे पुसत म्हणत होते, तात्याच्या हातानं कधी कुणाचं पोट दुखलं न्हाय, आम्ही म्हणत होतोच की. एवढं खोटं बोललेलं मी कधी ऐकलं नाही, आणि इतकं गोडही.

शरू माझ्याकडं बघत होती. मग आपल्या ताटावर बसली. मी सवयीनं पळी घेऊन पुढं गेले, "भज्जी घ्या भज्जी," सवयीनं तिचा हात आडवा आला, आणि सवयीनं मी मान झुकवली.

"आई, थांब."

तिनं हात काढला.

"थोडीच. डावीकडं वाढ, तात्यांच्या बाजूला."

मी डावीकडं चमचाभर वाढली. ती पसरली, चटणीला टेकली, भाकरीला टेकली. शरूनं नाक मुरडलं, डोळे मिटले आणि खाल्ली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो, जसं तेराव्याला एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो.

"बरं हाय," ती म्हणाली.

तुमचा झारा आज सकाळी खुंटीला टांगला. आणि हो, मीठ बरोबर होतं.